व्हीएमवर डीएनएस रखडतंय? आधी सेकंद मोजा

नवं व्हर्च्युअल मशीन उभं राहतं, पिंग लागतो, एसएसएचने आत जाता येतं. पण पॅकेज अपडेट करायला घेतलं की कर्सर नुसता लुकलुकत बसतो. पाच सेकंद, कधी दहा. मग एकदम सगळं धडाधड उतरतं. नेटचा वेग मोजला तर उत्तम, सीपीयू मोकळा, मेमरी भरपूर. तरी प्रत्येक कामाच्या सुरुवातीला हा ठसका. बहुधा रखडतं ते डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा.

माझ्या पहिल्या अशा मशीनवर मी दोन दिवस नेमसर्व्हर, म्हणजे या विचारणांना उत्तर देणारे सर्व्हर, बदलत बसलो होतो. हा लावून बघ, तो लावून बघ. प्रत्येक वेळी नेमसर्व्हरांची यादी असलेल्या रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ फाइलीच्या शेवटी नवी ओळ जोडायचो आणि फरक शून्य. खरा घोळ पहिल्या ओळीत होता. मशीन ज्या टेम्प्लेटवरून काढलं होतं त्यात कधीकाळच्या नेटवर्कमधल्या, केव्हाच बंद झालेल्या सर्व्हरचा पत्ता तसाच राहिला होता. प्रत्येक विचारणा आधी त्या मेलेल्या पत्त्यावर जायची, पाच सेकंद वाट बघायची आणि मग दुसऱ्या ओळीकडे वळायची. मी जोडलेल्या ओळींपर्यंत तर ती पोहोचतच नव्हती. ‘पाच सेकंद’ हा आकडा पहिल्याच तासात मनावर घेतला असता तर दोन दिवस वाचले असते.

पुढचं सगळं लिनक्स व्हीएम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. कमांड आणि फाइलींची नावं फोनवरून सांगावीत तशी उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन लिपीत टाकायची.

सुरू करण्यापूर्वी हे हाताशी ठेवा

• व्हीएमवर सुडोचे हक्क, आणि एसएसएच सोडून आत शिरायचा दुसरा रस्ता, म्हणजे हायपरव्हायझरचं (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) कन्सोल. नेटवर्कच्या सेटिंगला हात लावताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेणारे कमी नाहीत.
• डिग (डीएनएसला थेट विचारतं), टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवतं) आणि कर्ल (वेबपत्ता उघडून वेळ मोजतं). डिग हे डेबियन-उबंटूत डीएनएसयुटिल्स नावाच्या पॅकेजात आणि रेडहॅटच्या घराण्यात बाइंड-युटिल्समध्ये मिळतं. आत्ताच टाकून घ्या. डीएनएस पुरतं झोपल्यावर पॅकेज उतरवणार कसं?
• गेटएन्ट, म्हणजे ॲपसारखंच नाव सोडवून दाखवणारी कमांड. हे ग्लिबसीबरोबर, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीबरोबर, आधीपासून असतंच.
• जमलं तर त्याच होस्टवरचं दुसरं, नीट चालणारं एक व्हीएम. दोघांची तुलना अर्धा शोध वाचवते.
• रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ आणि एनएस-स्विच-डॉट-कॉन्फ (नाव कुठे, कोणत्या क्रमाने शोधायचं ते सांगणारी) या दोन्ही फाइलींची प्रत, काहीही बदलण्यापूर्वी.

१. दोष डीएनएसचाच आहे ना, ते ठरवा

कर्लला डॅश डब्ल्यू हा पर्याय देऊन टाइम-अंडरस्कोर-नेमलुकअप आणि टाइम-अंडरस्कोर-कनेक्ट हे दोन आकडे छापून घ्या. पहिला आकडा नाव सोडवायला लागलेला वेळ. दुसरा आकडा सुरुवातीपासून जोडणी होईपर्यंतचा एकूण वेळ. पहिलाच ५ सेकंदांचा असेल तर तुम्ही योग्य लेख वाचताय. पहिला ०.००४ आणि दुसरा ३ सेकंद असेल, तर नाव झटकन सुटलंय आणि जोडणी अडलीय. तो डीएनएसचा प्रश्न नाही. बऱ्याचदा अशा वेळी मशीनला आयपीव्ही६ पत्ता मिळालेला असतो, पण त्या पत्त्याने बाहेर जायचा रस्ता नसतो.

दोन लक्षणं फसवी आहेत. एसएसएचने लॉगिन करताना पासवर्ड विचारण्याआधी किंवा नंतर मशीन थबकतं, तेव्हा बहुधा सर्व्हर तुमच्या आयपीवरून तुमचं नाव शोधत असतो, म्हणजे उलटी विचारणा. एसएसएचडीच्या सेटिंगमध्ये यूज-डीएनएस नो केलं की हे थांबतं, ओपनएसएसएच ६.८ पासून, म्हणजे २०१५ पासून, मुळात तेच डिफॉल्ट आहे, पण जुनी इमेज किंवा जुनी सेटिंग फाइल असेल तर बघून घ्या. दुसरं लक्षण सुडोचं. सुडो म्हटलं की क्षणभर शांतता आणि मग ‘होस्टचं नाव सुटत नाही’ अशी कुरकुर. क्लोन करून होस्टनेम बदललं पण ईटीसी-होस्ट्स फाइलीत नवं नाव टाकलं नाही, एवढंच त्याचं कारण असतं. एक ओळ जोडा, विषय संपला.

२. आकडा वाचायला शिका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. विलंब किती झाला हे नीट मोजलं की कारण निम्मं सापडतं.

ग्लिबसीचा रिझॉल्व्हर, म्हणजे नाव सोडवणारा भाग, एका सर्व्हरला विचारून साधारण ५ सेकंद थांबतो. उत्तर नाही आलं तर यादीतल्या पुढच्याकडे जातो. सगळी यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून, अशा एकूण २ फेऱ्या. यादीत फार तर ३ नेमसर्व्हर धरले जातात. चौथी ओळ लिहिली तरी ती बघितली जात नाही. या हिशेबावरून बघा:

बरोबर ५ सेकंद आणि मग यश: पहिला सर्व्हर मुका आहे, किंवा एखादं पॅकेट वाटेत हरवतंय. सुमारे ८ ते १० सेकंद आणि मग यश: पहिले दोन मुके. १० सेकंद आणि मग ‘नाव सुटलं नाही’: एकच सर्व्हर होता आणि तोही गेलेला. प्रत्येक वेळी ८० ते ३०० मिलिसेकंद: सर्व्हर जिवंत आहे, पण लांब आहे किंवा दमलाय. पहिल्यांदा हळू आणि लगेच पुन्हा विचारलं तर चपळ: कुठेतरी कॅशे (आधीच्या उत्तरांचा साठा) आहे, ते ठीक चाललंय, हळूपणा त्याच्या पलीकडचा आहे. कधी २ मिलिसेकंद, कधी ५ सेकंद, काही ताळमेळ नाही: पॅकेट हरवतंय, आणि पाचव्या पायरीशिवाय ते सापडणार नाही.

‘मुका’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. सर्व्हरचं मशीन चालू असून ५३ नंबरच्या पोर्टवर कोणी बसलेलं नसेल, तर लगेच नकाराचा निरोप परत येतो आणि रिझॉल्व्हर क्षणात पुढे सरकतो. वेळ जातो तो उत्तरही नाही आणि नकारही नाही अशा ठिकाणी. म्हणून फायरवॉलवर ५३ अडवायचंच असेल तर ड्रॉप न करता रिजेक्ट करा. आतल्या मशीनवर तेवढा उपकार होतो.

३. विचारणा नेमकी कोणाकडे जातेय?

रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ उघडा, पण त्याआधी एलएस डॅश एल करून ती खरी फाइल आहे की दुसरीकडे बोट दाखवणारी लिंक आहे ते बघा. आत १२७.०.०.५३ दिसलं तर मधे सिस्टमडी-रिझॉल्व्हड नावाची स्थानिक डीएनएस सेवा बसलेली आहे. उबंटूवर हे नेहमीचं आहे, फेडोरावर आवृत्ती ३३ पासून, म्हणजे २०२० पासून. मग खरे सर्व्हर बघायला रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस चालवा. प्रत्येक नेटवर्क कार्डाखाली त्याचे सर्व्हर आणि ‘सध्याचा सर्व्हर’ वेगळा दिसतो. या सद्‌गृहस्थाचा एक गुण असा की एक सर्व्हर बोलेनासा झाला की तो दुसऱ्यावर जातो आणि तिथेच राहतो. ग्लिबसीला अशी आठवण नसते. दर वेळी श्रीगणेशा पहिल्या ओळीपासून.

जो पत्ता दिसेल तो ओळखीचा आहे का, ते पडताळा. १०.०.२.३ असेल तर तुम्ही व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमागे (पॅकेटवरचे पत्ते बदलून बाहेर पाठवणाऱ्या थरामागे) आहात किंवा क्यूईएमयूच्या साध्या यूझर-नेटवर्कवर. १९२.१६८.१२२.१ म्हणजे लिबव्हर्टचं डिफॉल्ट नेटवर्क, आणि तिथे होस्टवर डीएनएसमास्क उत्तरं देतोय. १६८.६३.१२९.१६ हा अझ्युअरचा. १६९.२५४.१६९.२५४ गूगल क्लाउडचा. १६९.२५४.१६९.२५३, किंवा तुमच्या व्हीपीसीच्या (ॲमेझॉनवरच्या खासगी नेटवर्कच्या) पत्त्यांच्या सुरुवातीपासून दुसरा पत्ता, हा ॲमेझॉनचा. यापैकी काहीच नसेल आणि तुम्हीही तो पत्ता लिहिलेला नसेल, तर तो कुठून आला ते शोधा. माझ्यासारखा टेम्प्लेटमधला भूतकाळ असू शकतो.

४. डिग वेगवान, ॲप मंद: हे कसं?

नवख्यांची सर्वात मोठी फसगत इथे होते. डिग चालवलं, ‘क्वेरी टाइम’ ३ मिलिसेकंद आला, म्हणून डीएनएस निर्दोष ठरवून मोकळे झाले. पण डिग तुमच्या ॲपच्या वाटेने जातच नाही. ते ईटीसी-होस्ट्स बघत नाही, एनएस-स्विच बघत नाही, सर्च डोमेन (नावापुढे आपोआप जोडायची शेपटं) सांगितल्याशिवाय जोडत नाही, आणि एका वेळी एकाच प्रकारचा रेकॉर्ड मागतं. त्यात ॲट लावून स्वतःच सर्व्हर सांगितला असेल, तर सिस्टिमची सेटिंग पूर्णच बाजूला राहिली.

ॲप जातं तीच वाट गेटएन्ट धरतं. म्हणून हे तीन एकापाठोपाठ चालवा, प्रत्येकाच्या आधी टाइम लावून:

टाइम गेटएन्ट एहोस्ट्स आणि नाव
टाइम गेटएन्ट एहोस्ट्स-व्ही४ आणि तेच नाव
टाइम डिग आणि तेच नाव

एहोस्ट्स ५ सेकंद घेतं पण एहोस्ट्स-व्ही४ झटकन येतं, तर भानगड आयपीव्ही६च्या, म्हणजे एएएए रेकॉर्डच्या विचारणेत आहे. दोन्ही मंद आणि डिग वेगवान, तर एनएस-स्विच किंवा सर्च डोमेन तपासा. तिन्ही मंद, तर सर्व्हर किंवा नेटवर्क.

आता त्याच नावाच्या शेवटी एक टिंब लावून पुन्हा गेटएन्ट चालवा. टिंब म्हणजे ‘हे नाव पूर्ण आहे, पुढे काही जोडू नकोस’. टिंबाने वेग वाढला तर सर्च डोमेन वेळ खातायत. एनडॉट्स या पर्यायाचं डिफॉल्ट १ आहे, म्हणजे नावात एक टिंब असलं तरी ते आधी जसंच्या तसं विचारलं जातं. पण कुबरनेटिसच्या (कंटेनर सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) पॉडमध्ये, म्हणजे कंटेनरांच्या गटात, हा आकडा ५ असतो. तिथे चारपर्यंत टिंबं असलेलं बाहेरचं नाव आधी यादीतल्या प्रत्येक सर्च डोमेनला चिकटवून बघितलं जातं आणि मग शेवटी मूळ रूपात विचारलं जातं. प्रत्येक वेळी ए (आयपीव्ही४ पत्ता) आणि एएएए अशा दोन विचारणा. एका नावासाठी आठ-दहा पॅकेटं सहज होतात.

५. तारेवर काय चाललंय ते डोळ्यांनी पाहा

एका खिडकीत टीसीपीडम्प डॅश एन डॅश आय एनी पोर्ट ५३ चालू ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत गेटएन्ट. डॅश एन विसरू नका. नाहीतर टीसीपीडम्प स्वतःच पत्त्यांची नावं शोधायला डीएनएसला विचारत सुटतं आणि मग कोणाची विचारणा कुठली ते कळेनासं होतं.

मला एकदा जे दिसलं ते असं होतं. डावीकडे सेकंद:

००.००० ए रेकॉर्ड विचारला
००.००० एएएए रेकॉर्ड विचारला, त्याच पोर्टवरून
००.००२ ए चं उत्तर आलं
(शांतता)
०५.००५ ए पुन्हा विचारला
०५.००७ उत्तर आलं
०५.००७ एएएए पुन्हा विचारला
०५.००९ उत्तर आलं

नीट बघा. ए चं उत्तर दोन मिलिसेकंदांत हातात पडलं होतं. तरी ग्लिबसी जुळ्याच्या उत्तरासाठी पाच सेकंद दारात उभा राहिला. मग शहाणा होऊन त्याने एकेक करून विचारलं आणि दोन्ही उत्तरं लगेच आली. म्हणजे सर्व्हर ठणठणीत. एकाच पोर्टवरून एकाच क्षणी निघालेल्या दोन पॅकेटांपैकी एक वाटेतल्या कोणीतरी गिळलं होतं.

हा ‘कोणीतरी’ बहुधा नॅट असतो. लिनक्सच्या कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये अशी जुळी पॅकेटं एकाच वेळी नोंद करायला गेली की शर्यत लागते आणि हरलेलं पॅकेट टाकून दिलं जातं. ज्या होस्टवर नॅट होतं तिथे कॉनट्रॅक डॅश कॅपिटल एस चालवून इन्सर्ट-फेल्ड हा आकडा बघा. पाच सेकंदांचा ठसका लागला की तो वाढत असेल तर चोर सापडला.

यातून आणखी एक कोडं सुटतं. ग्लिबसी हा शहाणपणा त्या प्रोसेसपुरताच लक्षात ठेवतो. म्हणून दिवसभर चालणाऱ्या सेवेला पहिल्यांदाच ठसका लागतो, पण स्क्रिप्टमधून शंभर वेळा कर्ल चालवलं तर शंभरही वेळा लागू शकतो. ‘सर्व्हिस ठीक आहे, फक्त क्रॉन जॉब मंद आहेत’ अशी तक्रार आली की मी आता आधी इथेच बघतो.

टीसीपीडम्पमध्ये बाहेर जाणाऱ्या पॅकेटांपुढे ‘यूडीपी चेकसम चुकीचा’ असं दिसलं तर घाबरू नका. व्हर्च्युअल कार्डावर चेकसम काढायचं काम पुढे ढकललेलं असतं. टीसीपीडम्प त्याआधीचं पॅकेट बघतं. या ओळीमागे लागून लोकांनी दुपारी घालवल्या आहेत.

६. सापडलेल्या कारणावर इलाज

पहिला सर्व्हर मुका असेल तर त्याची ओळ पुसा. टाइमआउट १ वर आणणं हा तात्पुरता आडोसा आहे: रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फच्या ऑप्शन्स ओळीत टाइमआउट:१ आणि अटेम्प्ट्स:२. यामुळे ठसका पाचावरून एका सेकंदावर येतो, पण मेलेला सर्व्हर यादीत तसाच राहतो. रोटेट हा पर्यायही लोक सुचवतात. त्याने विचारणा आळीपाळीने सगळ्या सर्व्हरकडे जाते. एक सर्व्हर मेलेला असताना रोटेट लावलं तर दुखणं कायमचं होतं ते अधूनमधून होऊ लागतं, आणि अधूनमधूनचं दुखणं शोधणं जास्त कठीण. मी ते लावत नाही.

जुळ्या विचारणांचा त्रास असेल तर त्याच ओळीत सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन. मग दुसरी विचारणा वेगळ्या पोर्टवरून जाते. नुसतं सिंगल-रिक्वेस्ट लावलं तर आधी एकाचं उत्तर, मग दुसरी विचारणा. थोडा जास्त वेळ, पण सर्वात बिनघोर. नेटवर्कवर आयपीव्ही६ नाहीच असं ठाम माहीत असेल, तर ग्लिबसी २.३६ पासून, म्हणजे २०२२ पासून, नो-एएएए हा पर्याय आहे. मग ती विचारणा निघतच नाही.

हे सगळं ग्लिबसीचं झालं. त्याच व्हीएमवर अल्पाइनचे कंटेनर असतील तर तिथे मसल नावाची वेगळी लायब्ररी असते आणि तिची रीत निराळी. ती यादीतल्या सगळ्या सर्व्हरना एकदमच विचारते आणि पहिलं येईल ते उत्तर धरते. म्हणून मेलेला सर्व्हर तिला जाणवत नाही, आणि सिंगल-रिक्वेस्टसारखे पर्याय ती मानतही नाही. एकाच मशीनवर एक कंटेनर सुसाट आणि दुसरा रखडलेला दिसला तर दोघांची बेस इमेज विचारा.

डॉट-लोकल हे शेपूट आतल्या नावांना दिलेलं असेल तर वेगळीच गंमत. ते शेपूट मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे. एनएस-स्विचच्या होस्ट्स ओळीत एमडीएनएस४-मिनिमल हा शब्द डीएनएसच्या आधी असेल, तर तुमचं नाव आधी नेटवर्कभर हाका मारून शोधलं जातं. कोणी ओ देत नाही, वेळ जातो, आणि पुढे खऱ्या डीएनएसकडे विचारणा जातही नाही. सर्व्हरच्या व्हीएमवर तो शब्द काढून टाकायला हरकत नसते. नवं नेटवर्क आखत असाल तर डॉट-लोकल वापरूच नका.

मोठी उत्तरंच अडतात, छोटी नीट येतात असं दिसलं तर एमटीयूकडे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराकडे, वळा. व्हीएक्सलॅनसारखा बोगदा प्रत्येक पॅकेटमागे ५० बाइट खातो, त्यामुळे बाहेर १५०० असेल तर आत १४५० हवेत. पिंग डॅश कॅपिटल एम डू डॅश एस १४७२ गेलं नाही आणि १४२२ गेलं, तर व्हीएमच्या कार्डाचा एमटीयू १४५० करा. स्वतःचा रिझॉल्व्हर चालवत असाल तर ईडीएनएसचा बफर (यूडीपीवरच्या उत्तराचा कमाल आकार) १२३२ बाइटवर ठेवा. २०२० च्या डीएनएस फ्लॅग डेला हाच आकडा सुचवला गेला होता. आणि फायरवॉलवर ५३ नंबर टीसीपीलाही उघडा. यूडीपीत न मावलेलं उत्तर कापून येतं आणि रिझॉल्व्हर तेच टीसीपीवरून पुन्हा मागतो. ‘डीएनएस म्हणजे यूडीपी’ हे अर्धसत्य कित्येक फायरवॉलांवर कोरलेलं आहे.

७. व्हीएमच्या बाहेर बघा

आतलं सगळं बरोबर असूनही हळू? मग होस्ट.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये लॅपटॉप एका वायफायवरून दुसऱ्यावर गेला, व्हीपीएन लागला-सुटला, की नॅटमागच्या गेस्टला त्याचा पत्ताच नसतो; तो जुन्याच सर्व्हरला विचारत राहतो. व्हीएम बंद करून व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएमने नॅट-डीएनएस-होस्ट-रिझॉल्व्हर हा पर्याय पहिल्या कार्डासाठी ऑन करा. मग नाव सोडवायचं काम होस्टच्या स्वतःच्या यंत्रणेकडून होतं आणि होस्टला जे कळतं ते गेस्टला कळतं.

लिबव्हर्टवर खूप व्हीएम एकाच डीएनएसमास्कवर तोंड लावून बसलेली असतात. त्याचं कॅशे डिफॉल्टने १५० नावांचं असतं, आणि एका वेळी पुढे पाठवलेल्या विचारणांची मर्यादाही १५०. लॉगमध्ये ‘एकाच वेळच्या विचारणांची कमाल मर्यादा गाठली’ अशा अर्थाची ओळ आली तर दोन्ही आकडे वाढवा. पण आधी हेही बघा की वरचा सर्व्हर मंद असल्यामुळे तर रांग लागत नाहीये ना.

क्लोन हा माझा नावडता विषय. इमेज कॉपी करताना मशीन-आयडी तसाच राहिला, तर सिस्टमडी-नेटवर्कडी वापरणारी दोन व्हीएम डीएचसीपीकडे (आयपी वाटणाऱ्या सर्व्हरकडे) एकच ओळख सांगतात आणि दोघांना एकच आयपी मिळू शकतो. मग निम्मी उत्तरं शेजारच्या मशीनकडे जातात. वरवर बघता हे डीएनएसचंच दुखणं वाटतं, कारण बाकीचं टीसीपी पुन्हापुन्हा पाठवून कसंबसं निभावून नेतं. टेम्प्लेट बनवताना ईटीसीमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करून ठेवा, म्हणजे प्रत्येक क्लोन पहिल्या बूटला स्वतःचा आयडी बनवेल. मॅक ॲड्रेसही वेगळे झालेत का ते बघा.

टॉपमध्ये ‘एसटी’ हा आकडा सतत दोन अंकी असेल तर होस्ट तुमच्या व्हीएमला सीपीयूची पाळीच देत नाहीये. तिथे डीएनएसच काय, काहीच वेळेवर होणार नाही. होस्टच्या डीमेसेजमध्ये ‘एनएफ-कॉनट्रॅक टेबल फुल’ दिसलं तर ते टेबल मोठं करा.

सस्पेंडमधून किंवा जुन्या स्नॅपशॉटवरून उठलेल्या व्हीएमचं घड्याळ मागे पडलेलं असतं. त्यावर डीएनएससेक (उत्तरांवरच्या डिजिटल सह्या) तपासणारा रिझॉल्व्हर चालत असेल, तर सह्यांच्या तारखा जुळत नाहीत आणि सर्व्हफेल, म्हणजे अपयशाचा निरोप, येत राहतं. डिगला प्लस सीडी (म्हणजे ‘सह्या तपासू नकोस’) लावून तेच नाव विचारा. तसं उत्तर येत असेल तर टाइमडेटसीटीएल बघा आणि घड्याळ लावा.

८. क्लाउडवरची न दिसणारी मर्यादा

ॲमेझॉनवर एका नेटवर्क कार्डामागे त्यांच्या रिझॉल्व्हरकडे सेकंदाला १०२४ पॅकेटं जाऊ शकतात. त्यापुढची टाकली जातात. चूक म्हणून काही परत येत नाही. मग तेच, पाच सेकंदांचं मौन. ईटीएचटूल डॅश कॅपिटल एस चालवून लिंकलोकल-अलाउन्स-एक्सीडेड हा आकडा शून्यावरून वर गेलाय का बघा. १०२४ ऐकायला भरपूर वाटतात, पण मागचा हिशेब आठवा: एका नावाला आठ-दहा पॅकेटं, आणि एका नोडवर तीस-चाळीस पॉड. संपायला वेळ लागत नाही. इथे कॅशे हाच इलाज.

९. कॅशे सर्वात शेवटी बसवा

ग्लिबसी स्वतः काहीच साठवत नाही. प्रत्येक नाव दर वेळी नव्याने विचारलं जातं. म्हणून व्हीएमवरच सिस्टमडी-रिझॉल्व्हड, अनबाउंड किंवा डीएनएसमास्क बसवला की फरक पडतोच. पण तो शेवटी बसवा. आधी बसवला तर मूळ दोष झाकला जातो, आणि कॅशेतली मुदत संपेल तेव्हाच, म्हणजे कधीतरी अवचित, ठसका लागतो. मग शोधत बसा.

अनबाउंडला वरच्या सर्व्हरकडे न पाठवता थेट मुळापासून शोधायला लावणार असाल आणि मशीनला आयपीव्ही६ची वाट नसेल, तर डू-आयपी६ नो करा. नाहीतर तो आधी त्या पत्त्यांवर दारं ठोठावत बसतो. रिझॉल्व्हडची झडती घ्यायची तर रिझॉल्व्हसीटीएल स्टॅटिस्टिक्समध्ये कॅशेतून किती उत्तरं दिली ते दिसतं. मोजण्यापूर्वी फ्लश-कॅशेस करायला विसरू नका.

घाईत ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून मोकळं होण्याचा मोह होईल. घरच्या प्रयोगाच्या मशीनला ठीक. कंपनीच्या किंवा क्लाउडच्या नेटवर्कवर मात्र आतली नावं त्यांना माहीत नसतात, त्यामुळे वेब उघडतं आणि डेटाबेस सापडत नाही अशी अवस्था होते.

१०. बदल टिकतोय का ते रीबूट करून बघा

रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ हाताने बदलली, सगळं सुरळीत झालं, आणि दुसऱ्या दिवशी रीबूटनंतर मूळपदावर. ही फाइल बहुतेक ठिकाणी दुसराच कोणीतरी लिहीत असतो: नेटवर्कमॅनेजर, रिझॉल्व्हड, डीएचसीपी क्लायंट किंवा क्लाउड-इनिट. फाइलीच्या वरच्या टिप्पणीत बहुधा त्याचं नाव असतं. बदल त्याच्याकडे करा: नेटवर्कमॅनेजर असेल तर एनएमसीएलआयने त्या जोडणीवर, उबंटू सर्व्हरवर नेटप्लॅनच्या फाइलीत, क्लाउडवर शक्यतो डीएचसीपीच्या पर्यायांतच. चॅटर प्लस आय करून फाइलीला कुलूप घालणारे असतात. मीही घातलंय. सहा महिन्यांनी नेटवर्क बदललं आणि ते मशीन एकटंच जुन्या पत्त्याला धरून बसलं. कुलूप आपणच घातलंय हे आठवायला एक संध्याकाळ गेली.

रीबूट झाल्यावर तीच गेटएन्टची कमांड लूपमध्ये शंभर वेळा चालवा, प्रत्येक वेळ एका फाइलीत लिहा आणि फाइल उतरत्या क्रमाने लावा. सरासरी काढू नका. ९९ वेळा २ मिलिसेकंद आणि एकदा ५ सेकंद याची सरासरी ५२ मिलिसेकंद येते, आणि ती बघून माणूस निर्धास्त होतो. वरच्या पाच ओळी वाचा. त्यात अजून एखादा ५.००-काहीतरी दिसला, तर परत पाचव्या पायरीवर.